चार मिनिटं मागे

३ मार्च
आलो बुवा एकदाचे! वेधशाळेतली नोकरी म्हणून मी केवढा हरखलो होतो, आणि काम म्हणाल तर एवढंच: भरदुपारी दुर्बिणीच्या काळ्या काचेतून बघायचं, सूर्याची कड मधल्या बारीक तारेला टेकली की बटण दाबायचं. शेजारच्या दुर्बिणीवर साहेबही दाबतात. राहायला घुमटाखालच्याच दोन खोल्या. आमची चिमणी घुमटाच्या लोखंडी शिडीवरून खाली उतरायला तयार नाही. चार वर्षांची पोर, पण माकड नुसतं! ही म्हणाली, तिच्यावर लक्ष तुमचं. म्हटलं, डोळ्यांत तेल घालून ठेवतो.

९ मार्च
माझं बटण साहेबांपेक्षा अर्धा सेकंद उशिरा पडतं. ओशाळलो. साहेब म्हणाले, ज्याचा त्याचा उशीर असतोच; तो मोजायचा, वजा करायचा, वेळ बिनचूक निघते. माझ्याआधीच्या माणसाचा किती होता विचारलं, तर नुसते हसले.

१७ मार्च
चार सेकंद. अहो, मी काय झोपा काढतो? टेकली की दाबतो! ही म्हणते, मी तिसरी हाक मारते तेव्हा तुम्ही पहिलीला ओ देता.

२५ मार्च
आज चहानं जीभ पोळली, आणि मग कप तोंडाशी येताना दिसला. हाताला, जिभेला वेळेवर कळतं. डोळे-कान मागे राहतात. पुरतं एक मिनिट. घाबरून साहेबांना सांगितलं. त्यांनी आकडा टिपला, माझी पाठ थोपटली. नोकरी सोडतो म्हटलं, तर म्हणाले, एक शेवटची मोजणी द्या, मग खुशाल जा.

२९ मार्च
चार मिनिटं. लिहिलेली ओळसुद्धा चार मिनिटांनी दिसते. उद्या मोजणी झाली की तडक निघायचं. ही सामान बांधतेय.

३० मार्च
साहेब म्हणाले, आज सूर्य नको. चिमणी शिडीवर चढून हात हलवील, दिसला की दाबा. मी हो म्हटलं. हिला विचारलं नाही.

बसलोय. डाव्या हातात बटण. शिडी रिकामी दिसतेय अजून.

आली. चढतेय.

मांडीवर कुणी काय ठेवलं? जड आहे. फ्रॉक लागतोय हाताला— वेणी— ओली, चिकट—

कुणीतरी मला गदागदा हलवतंय. नखं हिचीच—

पण चिमणी तर समोर आहे! वरच्या पायरीवर. हसतेय माझ्याकडे बघून—

खांद्यावर साहेबांचा हात. हळूहळू थोपटतोय. माझ्या बटणासाठी थांबलेत—

चिमणे, हात नको हलवूस, धर, दोन्ही हातांनी ध—