वन्सं, तेवढी सही करा

आमोणे,
चैत्र अमावास्येचा दुसरा दिवस

ती. सौ. प्रभावतीवन्सं यांच्या पायांवर डोकं ठेवून धाकट्या भावजयीचा, सुविधाचा नमस्कार. कृष्णनाथभावजींनाही नमस्कार, पण त्यांचा गुडघा दुखतोय असं कळलं, म्हणून तो लांबूनच. गुडघ्याला आता उतार असेल अशी आशा करते. शेकायला मीठ आणि रुईचं पान हेच बरं. डॉक्टरांच्या पट्ट्यांवर विसंबू नये. गाय व्याली का? तुमच्या कुत्र्यानं पोस्टमनचा पिच्छा सोडला असेल तर हे पत्र वेळेत मिळेल. आमच्याकडे सर्व क्षेम आहे. (कंसातलं अक्षर मी मुद्दाम बारीक काढतेय. तुमचे बंधू समोरच्या खुर्चीत बसून माझ्या कागदावर नजर ठेवून आहेत, पण त्यांचा चष्मा आत आहे. तेव्हा खरं काय ते कंसात वाचा.)

पत्राचं कारण तुम्हाला ठाऊक आहेच. इब्रामपूरची काजूची बाग विकून इथं आमोण्याला नदीकाठी, झाडाझुडपांत घर घ्यायचं आमचं ठरलं, आणि आपल्या गोव्यातला कायदा असा की भावंडांच्याच नव्हे तर त्यांच्या नवराबायकोंच्याही सह्या झाल्याशिवाय वाडवडिलांच्या जमिनीचा व्यवहार होत नाही. यांची झाली, माझी झाली. राहिल्या तुमची आणि भावजींची. मागे कागद दाखवला तेव्हा तुम्ही "बघूंया" म्हणालात आणि उठून सोलकढी करायला गेलात, ती सोलकढी अजून संपलेली दिसत नाही. पुढच्या रविवारी हे पुन्हा कागद घेऊन येतील. तोवर तुमचं मन तयार करावं म्हणून मला लिहायला बसवलंय. "तुजें अक्षर बरें, आनी तुका वर्णन करूंक येता," म्हणतात. एवढ्या वर्षांत माझ्या अक्षराचं कौतुक पहिल्यांदाच झालं, म्हणून मीही बसले.

तर वर्णन. वसाहतीचं नाव नंदनतीर. खरंच घेणाऱ्यांना बिल्डर महिनाभर नमुन्याच्या घरात राहू देतो, तसे आम्ही राहतोय. झाडी इतकी की ऊन जमिनीवर पोचत नाही. प्रत्येक झाडाच्या गळ्यात पाटी आहे, आंब्याच्या गळ्यात 'आंबा' अशी. (पाटी वाचून मी एका कैरीला हात घातला तर मागून शिटी वाजली. झाडं सगळ्यांच्या मालकीची, म्हणून त्यांची फळं कुणाचीच नाहीत, असा नियम आहे. डझनभर आंबे खाली पडून कुजतात, आणि लोणच्याच्या कैऱ्या मी डिचोलीच्या बाजारातून आणते.) घरातून नदी दिसते. मांडवीचं ते पात्र, पलीकडची हिरवी शेतं, मधूनच जाणारी होडी, डोळे निवतात. (न्हाणीघराच्या खिडकीतून. बालदी पालथी घालून तिच्यावर उभं राहिलं की. बाकी सगळीकडे खारफुटी आडवी येते. पाहुणे आले की चहाआधी त्यांना नदी दाखवायची पद्धत पडलीय, म्हणून दिवसातून तीनदा मी न्हाणी पुसते. माझी मैत्रीण क्षमा बालदीवरून घसरली ती अजून आमच्याशी बोलत नाही.)

शांतता तर अशी की पान पडलं तरी ऐकू येतं. फेरीवाले नाहीत, भोंगे नाहीत. (पोदेरसुद्धा नाही! सकाळी तो सायकलवर पों पों करत गेटापर्यंत येतो आणि तिथं आमचा वॉचमन मारुती त्याला अडवतो. मारुती कोल्हापूरकडचा, स्वभावानं सोनं, पण नियमाला पक्का. "म्याडम, पाववाल्याचं नाव मोबाईलात न्हाई. मी काय करू सांगा की." पोदेराकडे मोबाईल आहे, पण तो पावाच्या टोपलीत तळाशी असतो. म्हणून रोज उजाडता उजाडता मोठमोठ्या घरांतली माणसं गाऊन आणि बर्म्युडा घालून गेटाच्या गजांतून हात बाहेर काढतात आणि पावाचे गोल उंडे आत ओढतात. माझा हात एकदा चार उंड्यांसकट अडकला. मारुतीनं तेल आणून सोडवला आणि वर रजिस्टरमध्ये नोंद केली.) शिवाय शेजार अगदी सुसंस्कृत. भिंतीपलीकडे दिल्लीच्या बाई राहतात, रोज हसून विचारपूस करतात. (सुक्या बांगड्यांचा डबा उघडला त्या दिवशी मात्र त्यांनी गॅसवाल्याला बोलावलं. कुठंतरी गळती आहे म्हणाल्या.)

काल अमावास्या, त्यामुळे भरतीचं पाणी जरा वर आलं. निसर्गाच्या इतक्या जवळ राहण्याचं भाग्य कितीजणांना लाभतं! (जरा म्हणजे पार्किंगपर्यंत. पाण्याबरोबर नांग्या उगारलेल्या कुर्ल्या आल्या. पाणी गेलं, कुर्ल्या राहिल्या. लोक गाड्यांच्या टपावर चढून बसले होते आणि एजंट सुदेश खालून त्यांना समजावत होता की अशी जैवविविधता दुसऱ्या कुठल्या प्रकल्पात मिळणार नाही. तेवढ्यात एका कुर्लीनं त्याच्या पँटचा काठ धरला आणि समजावणं थांबलं. तुमचे बंधू मात्र लुंगी खोचून बालदी घेऊन उतरले. हो, तीच नदी बघायची बालदी. भाज्यांचं खतखतं करायचं मोठं पातेलं भरून कुर्ल्यांची शागुती केली आणि सगळ्या वसाहतीत वाटली. दिल्लीच्या बाईंनी दोनदा घेतली, गॅसवाल्याचं नाव काढलं नाही.)

आता राखणदाराची गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी, कारण त्यामुळे तुमच्या भावाची इथं फार प्रतिष्ठा वाढलीय. आलो त्याच दिवशी हे म्हणाले, "जाग्याक राखणदार आसता. तेका विचारल्याशिवाय हंय रवपाक जायना." बरोबरच आहे, जागा राखणाऱ्या देवाला विचारूनच राहावं. म्हणून दिवेलागणीला क्लबहाऊसमागच्या पिंपळाखाली रोट, विड्या, काडेपेटी आणि फेणीची छोटी बाटली ठेवून, नमस्कार करून आले. दुसऱ्या दिवशी वसाहतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कॅमेऱ्यातला फोटो. एक इसम पाठमोरा, झाडाखाली दारू आणि विड्या लपवताना. खाली लिहिलेलं: 'संशयित. ओळख पटल्यास कळवा.' (मला बनियनच्या भोकावरून ओळख पटली. मी कळवलं नाही.) बाटली जप्त झाली, पिंपळाला 'येथे धूम्रपान व मद्यपान करू नये' अशी दुसरी पाटी बसली. आणि मग काय झालं असेल? पाण्याचा पंप जळला. पोहण्याचा तलाव हिरवागार झाला. सेक्रेटरींच्या नव्या गाडीवर गेटाचा दांडा पडला. मारुती कुजबुजला, "आमच्याकडं असल्या जागी कोंबडं देतात." ते ऐकून बैठक बोलावली गेली, तिथं हे उभे राहिले आणि सगळं समजावून सांगितलं. जागा आपल्या नावावर असते, पण राखतो तो वेगळाच, त्याला वर्षाचा मान द्यावा लागतो, एवढंच. बाटली कुणी परत केली म्हणता? स्वतः सेक्रेटरींनी. (थोडी कमी होती. राखणदारानं काही म्हटलं नाही.) आता संध्याकाळी एकेकजण आमच्या दारी येतो. दिल्लीच्या बाई भारी सिगारेटचं पाकीट घेऊन आल्या, विडीऐवजी चालेल का विचारायला. हे म्हणाले, त्याची सवय बिघडवू नका. यांना एकमतानं राखणदार समितीचे अध्यक्ष केलंय, आणि नव्या जाहिरातीत पिंपळाखाली यांचा फोटो येणार आहे.

तेव्हा वन्सं, असं हे घर. अशी संधी पुन्हा येणार नाही. बाग काय, तुम्हीही आता तिथं किती राबणार? रविवारी कागद येईल, तेवढी सही करा आणि भावजींनाही करायला लावा. लहानांना आशीर्वाद, थोरांना नमस्कार, गाईला माझ्या नावानं एक घास.

आपली आज्ञाधारक,
सुविधा

ता. क. हे अंघोळीला गेले. आता मोठ्या अक्षरात लिहिते. वन्सं, सही करू नका! तुमच्या पाया पडते, करू नका. नदीचं वेड माझंच होतं. दोन वर्षं यांच्या मागे लागून मीच यांना इथवर आणलं. आता मीच नको म्हणाले तर हे मला जन्मभर ऐकवतील, आणि त्यांचं बरोबर असेल. शिवाय त्यांची इथं अध्यक्षाची मान अशी ताठ झालीय की ती मोडवत नाही. पण यंदा काजूच्या दिवसांत आम्ही इब्रामपूरला आलो नाही. तुम्ही बोंडं मळत असाल, अंगणभर तो वास सुटला असेल, आणि मी इथं पाट्या लावलेल्या झाडांकडे बघत बसलेय. परवा बालदीवर उभी राहून नदी बघताना मला इतकं रडू आलं की काय सांगू. मला माझी बाग हवी आहे. लग्न झाल्यापासून मी माहेरी सांगत आले की आमच्या वन्सं प्रत्येक गोष्टीत मोडता घालतात. खोटं कशाला बोलू, सांगत आले. तर आता घाला की! अगदी नेहमीसारखा घाला. कारण विचारलं तर काहीही सांगा, तुम्हाला कधी कारण लागलेलं मी पाहिलं नाही.

ता. क. दुसरा. तुम्ही नाही म्हटलंत की मी तिथंच थोडी रडेन. मनावर घेऊ नका. यांना यातलं अक्षरही कळता कामा नये. पाकीट बंद करून यांच्याच हाती देतेय, ते डिचोलीला पोस्टात टाकतील.

ताय, मी गौरेश. पाकीट तिनं उकड्या तांदळाच्या शितांनी चिकटवलं होतं. उकडा कधी चिकटतो का? पोस्टाच्या पायरीवरच उघडलं, आणि उघडलंच आहे म्हणून वाचलं. मला नदीचं काय गं, मला पोहताही येत नाही. तिची हौस म्हणून मी बाग विकायला निघालो होतो, आणि गेला महिनाभर रोज त्या पिंपळाखाली उभा राहून राखणदाराला एकच सांगत होतो, की माझ्या बहिणीला सही करायची बुद्धी देऊ नको. मी वाचलं हे तिला कळू देऊ नको, तिला फार लाज वाटेल. रविवारी आम्ही येतो. ती रडेल. मी रागावेन, खरं वाटेल इतका रागावेन, कदाचित जेवणही नको म्हणेन. तू पान वाढून ठेव, आणि जागची हलू नको.