बांबूच्या सुया धाकटीला

मी, खाली सही करणारी, वय त्र्याहत्तर, धंदा विणकामाचा वर्ग चालवणे, डोके ठिकाणावर असताना व हाताला कंप नसताना हे मृत्युपत्र माझ्याच अक्षरात लिहीत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. मला भरीस घालणे आजवर कोणाला जमलेलेही नाही.

कलम १. राहते घर, म्हणजे वरचा मजला, थोरल्या मुलाला. बँकेतली शिल्लक थोरल्याला आणि धाकट्या लेकीला सारखी. यावर अधिक लिहिण्यासारखे नाही.

कलम २. खालची वर्गाची खोली थोरल्याला मिळणार नाही. गेल्या महिन्यात तो टेप घेऊन तिची भिंत मोजताना सापडला. "नुसतं बघत होतो गं," म्हणाला. नुसते बघणारा आकडे कागदावर उतरवून घेत नाही. तरी राग धरलेला नाही. माझ्या सर्वांत जाड लाकडी सुया त्याला देत आहे. त्याला धीर नाही, आणि जाड सुयांवर मफलर दोन दिवसांत उरकतो. बायकोसाठी एक तरी विणावा.

कलम ३. गोल सुई, जिच्या दोन टोकांमध्ये लवचीक दोरी असते ती, जाऊबाईंना. सहा वर्षांपासून ती त्यांच्याकडेच आहे आणि "ही माझीच" असे त्या चारचौघांत सांगतात. आता खरेच त्यांची. शिवाय त्या हातवारे करत विणतात. सरळ सुया घेतल्या की शेजारणीच्या बरगडीत जातात.

कलम ४. माझ्या दहा नंबरच्या स्टीलच्या सुया कोणालाही देऊ नयेत. कारण लांबेल, पण लिहिणार आहे.

तीस वर्षे माझ्या वर्गाचा एकच नियम होता. नवीन आलेलीने माझ्यासारख्याच दहा नंबरच्या स्टीलच्या सुया घ्यायच्या आणि सहा आठवडे दुसऱ्या सुईला हात लावायचा नाही. माझा हात घट्ट. धागा मी आवळून धरते, टाका सुईला आवळून बसतो. स्टील गुळगुळीत, म्हणून तो पुढे सरकतो. मला वाटे, सगळ्यांचे असेच असते.

धाकटी सतरा वर्षांची असताना वर्गात बसली. तिचा हात सैल. ती धागा बोटांवरून सोडून देई आणि स्टीलवरून टाके घरंगळत. एका दुपारी बाहीचे अर्धे टाके ओळीने सुटले. मी बारा बायकांसमोर ती बाही उसवली आणि म्हणाले, "तुझ्या हातात वीणच नाही. ऊठ, लोकर वाया घालवू नकोस." ती उठली. सुया टेबलावर जोडून ठेवल्या, लोकर गुंडाळली आणि पुन्हा त्या खोलीत आली नाही. लग्नानंतर भेटायला येते, पण खोलीच्या दारावरून सरळ जिना चढते.

दोन वर्षांपूर्वी माझे मनगट सुजले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, हलक्या सुया घ्या." बांबूच्या आणल्या. बांबू धागा धरून ठेवतो. माझे टाके जागचे हलेनात. एका ओळीला अर्धा तास गेला. सुयांना शिव्या घातल्या, लोकरीला घातल्या. तिसऱ्या दिवशी डोक्यात प्रकाश पडला. टाका निसटू न देणारी हीच सुई धाकटीला हवी होती. सुई मी चुकीची दिली आणि दोष तिच्या हाताला लावला. मला याची लाज वाटते.

तेव्हापासून वर्गात आधी हात बघते, मग सुई देते.

कलम ५. त्या बांबूच्या सुया धाकटीला.

कलम ६. वर्गाची खोली, कपाटांसह, धाकटीला. तिने तिथे विणावे, कुलूप लावावे किंवा चपलांचे दुकान टाकावे. कोणी विचारायचे नाही. अट एकही नाही. थोरल्याला कोर्टात जायचे असेल तर खुशाल जावे, टेप घेऊन जावे.

स्थळ: वर्गाची खोली, खिडकीजवळचे टेबल
दिनांक: ११ जुलै २०२३
सही

साक्षीदार १: समोरचे चष्मेवाले
साक्षीदार २: पोस्टातल्या बाई (यांनी वाचून विचारले, "हे तुम्ही तिला तोंडानं का सांगत नाही?" मी म्हणाले, "सही करा.")

पुरवणी, दिनांक १५ जुलै २०२३

पोस्टातल्या बाईंचे बोलणे डोक्यातून जाईना. काल सुया घेऊन धाकटीकडे गेले. दारातच सांगितले, "तुझा हात बरोबर होता. सुई चुकीची होती. चूक माझी."

ती मला आत घेऊन गेली. मग खोलीतले कपाट उघडले. त्यात सतरा स्वेटर होते, सगळे तिने विणलेले, सगळे बांबूच्या सुयांवर. शेजारणीकडून शिकली. मी येणार असले की कपाटाला कुलूप लावत असे.

"तू उसवशील असं वाटायचं, आई," ती म्हणाली.

तेव्हा कलम ५ रद्द. सुया दिल्या आहेत. कलम ६ही रद्द. ती खोली माझ्या मरणाची वाट बघणार नाही. सोमवारी कचेरीत जाऊन तिच्या नावे करत आहे, आणि मंगळवारी वर्ग ती घेणार आहे. मी बारा बायकांमध्ये बसेन. तिने माझी वीण उसवली तर उसवू दे.

सही
साक्षीदार: वरील दोघेच