दहिसरला ठेवलेला पाट

प्रिय बाबा,

आई एक सांगते, तू दुसरं सांगतोस आणि श्रेयसचं तिसरंच. म्हणून आधी घडलं ते क्रमाने लिहिते. चुकलं असेल तिथे दुरुस्त कर.

१. गेल्या रविवारी सकाळी तू माळ्यावरून गणपतीचा पाट काढलास, पुसलास आणि जुन्या चादरीत गुंडाळलास.

२. "मूर्तिशाळेत देऊन येतो," असं आईला सांगितलंस. तिने विडा-सुपारी आणि नारळ पिशवीत घातला.

३. भांडुपच्या मूर्तिशाळेत तू गेलाच नाहीस. दहिसरला भाऊकाकाकडे गेलास, पाट त्याच्या कपाटाला टेकवून ठेवलास आणि चहाही न घेता निघालास.

४. घरी येऊन आईला म्हणालास, "दिला."

५. मंगळवारी मूर्तिशाळेतून दत्ताराम मेस्त्रींचा मला फोन आला. "गो चेडवा, सगळ्यांचे पाट इले, तुमचोच नाय. यंदा गणपती हाडूचो आसा मा?"

६. त्याच संध्याकाळी भाऊकाकाच्या श्रेयसने पाटाचा फोटो पाठवला. "यार, हा आमच्याकडे काय करतोय? काका पप्पांना म्हणाले, यंदापासून तुम्हीच बसवा. पप्पा हो म्हणून बसलेत. मम्मीची वाट लागलीय."

७. मी तुला फोन केला. तू म्हणालास, "बघू गो." मी म्हणाले, "ठीक आहे." आणि आपण फोन ठेवला.

सातव्या मुद्द्यामुळे हे पत्र लिहिते आहे. फोनवर आपण दोघं फार लवकर 'ठीक आहे'पाशी पोचतो. पत्र तुझ्या नावाने कुरियरने पाठवलं आहे. आईने विचारलं तर ऑफिसचं आहे म्हण. एवढी थाप तुला जमेल, रविवारी जमलीच आहे.

पाट म्हणजे इतरांच्या लेखी एक फळी. आपल्याकडे पाट मूर्तिशाळेत गेला की गणपती यायला निघाला, असं आजोबा म्हणायचे. फणसाच्या लाकडाचा, एका कोपऱ्याला चीर गेलेला, मागच्या बाजूला आजोबांनी खिळ्याने कोरलेलं गावाचं नाव. मूर्ती त्यावरच घडते आणि त्यावरूनच घरी येते. आजोबा शेवटपर्यंत आपल्याकडे राहिले म्हणून पाट मुलुंडला राहिला आणि भाऊकाकाची सगळी मंडळी दर वर्षी आपल्याकडे यायची. ह्यावर कधी कुणी वाद घातल्याचं मला आठवत नाही. वाद व्हायचा तो फक्त तुझ्या देखाव्यावरून.

परवा मेस्त्रींचा फोन ठेवल्यावर मला पहिल्यांदा काय आठवलं सांगू? आईचा पोळपाट. मी चौथीत असेन. समुद्राच्या लाटा वर-खाली हलवायच्या होत्या, त्यासाठी तुला अंड्याच्या आकाराचं चाक हवं होतं आणि बाजारात मिळत नव्हतं. आई भाजी आणायला गेली होती. ती परत आली तेव्हा पोळपाटाचं चाक झालेलं होतं आणि तू करवत पाठीमागे धरून उभा होतास. "आज पोळपाट गेला, उद्या माझं लाटणं जाईल, परवा मला कापून दांडा करा," असं ती म्हणाली. तू गंभीरपणे म्हणालास, "लाटणं कामाला येईल. बघू." त्या रात्री आपण पाव आणला. लाटा मात्र इतक्या सुरेख हलल्या की आईने शेजारच्यांना बोलावून आणून दाखवल्या, आणि हे चाक माझ्या पोळपाटाचं आहे, हेही प्रत्येकाला सांगितलं.

मी मशीनच्या कंपनीत नोकरी का करते, असं कुणी विचारलं की मी गुणांचं आणि कॅम्पसचं कारण सांगते. खरं कारण ते चाक आहे. गोल फिरणाऱ्या वस्तूपासून वर-खाली होणारी लाट निघते, हे मला पुस्तकाआधी तू दाखवलंस.

तुझे संकल्पही आठवले. पाडव्याच्या जेवणात तू दर वर्षी तीन जाहीर करायचास: एक शरीराचा, एक घराचा, एक हौसेचा. साखर सोडण्याचा संकल्प श्रीखंडाची वाटी हातात धरून व्हायचा आणि आई म्हणायची, "आधी ती वाटी खाली ठेवा." पाठीचं दुखणं सुरू झालं त्या वर्षी योगी हिलच्या रस्त्याने रोज फिरायचं ठरवलंस, गेलास, आणि परतताना भंगारातून शिलाई मशीनचं पायडल उचलून आणलंस. पाठ पुन्हा धरली. पट्टा बांधून जमिनीवर निजावं लागलं, तर छताकडे बघत पंख्यावरून दोरी कशी नेता येईल ह्याचा विचार करत होतास. घराचा संकल्प बहुधा न्हाणीघराच्या गळक्या नळाचा असायचा आणि तो पुढच्या पाडव्यालाही चालायचा. हौसेचा मात्र कधी चुकला नाही. माळ्यावर अजूनही अर्धी पेटी आहे, जिचे सूर तू स्वतः लावणार होतास. दुर्बिणीची नळी आहे. तुझा साखरेचा रिपोर्ट वर गेला, खाली आला, तुझ्या गोळ्या बदलल्या, पण माळ्यावरचं काम कधी बंद पडलं नाही. मला वाटायचं, इतर लोक आजारी पडतात आणि बरे होतात. तू आजारी पडतोस आणि काहीतरी बनवतोस.

आणि देखाव्यातला तो गरुड. तो तू विसरला नसशील. आरतीला सगळे जमले आणि त्याचे पंख अडकले. वायपरची मोटर गरम होऊन बंद पडली होती. तू मला डोळ्यांनी खूण केलीस आणि आपण दोघं मखराच्या पडद्यामागे उकिडवे बसलो. तू दोरीने पंख हलवत होतास, मी तोंडाने मोटरचा आवाज काढत होते. बाहेर भाऊकाका पाहुण्यांना सांगत होता, "विद्याधरची मोटर बघा, जरा तरी आवाज आहे का!" मी हसू दाबायला तुझ्या खांद्यात तोंड खुपसलं. तू माझ्या कानात म्हणालास, "गप रव गो, नायतर देव उडाचो नाय." आरती संपेपर्यंत तुझा हात एका लयीत हलत होता. एकदाही चुकला नाही.

आता मी काय काय पाहिलं ते लिहिते. रोज मशीनची कंपनं मोजणं हेच माझं काम आहे, त्यामुळे नजरेला सवय लागली आहे. घरी मी नजर बंद ठेवून येत नाही.

गेल्या वर्षी देखावा नव्हता. "आता साधेपणा बरा," असं तू म्हणालास. आईला वाटलं, वय झालं. विसर्जनाला निघताना पहिल्या जिन्यावर तू थांबलास आणि पाट भाऊकाकाच्या हातात दिलास. "कंबर," म्हणालास. कंबर दुखते तेव्हा तू डाव्या बाजूला झुकतोस. त्या दिवशी ताठ उभा होतास आणि उजवा हात खिशात होता. त्यानंतरच्या प्रत्येक फोटोत तो खिशात आहे. चालताना तुझा डावा हात हलतो, उजवा हलत नाही. स्क्रूच्या डब्यांवर तू नव्याने चिठ्ठ्या लावल्यास, त्यावरचं अक्षर जुन्या चिठ्ठ्यांपेक्षा बारीक आहे आणि शेवटाकडे आणखी बारीक होत जातं. चहा तू आता बशीशिवाय घेतोस. यंदाच्या पाडव्याला तू दोनच संकल्प सांगितलेस. आई म्हणाली, "हौस फिटली वाटतं एकदाची." तू हसलास. मी श्रीखंड संपवलं आणि काही बोलले नाही. तुझ्याच वळणावर गेले आहे.

म्हणजे तू पाट दहिसरला का ठेवलास ते मला कळलं आहे. भाऊकाकाला वाटतं, तू थकलास. श्रेयसला वाटतं, आईशी भांडलास. तुला मात्र ते तीन जिने दिसत असणार. हातात पाट, पाटावर मूर्ती, आणि मधल्याच एखाद्या पायरीवर हात सुटला तर? मूर्ती भंगली तर पुढची कित्येक वर्षं आपल्या घरातली प्रत्येक सर्दी त्या पायरीशी जोडली जाईल, हे मलाही माहीत आहे. ती भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. तू ती एकट्याने वाहिलीस, पिशवीत घालून दहिसरपर्यंत नेलीस आणि आईने दिलेला नारळ वाटेत कुठे ठेवलास, हे विचारायची मला हिंमत नाही.

आता माझ्या टेबललॅम्पचं. मागच्या महिन्यात मी तो दुरुस्तीला घेऊन आले होते. तो बिघडलेला नव्हता. अंधेरीहून निघताना त्याची तार मीच सैल केली होती. तू "उद्या बघतो" म्हणालास. आई म्हणाली, "पोर एवढी लांबून घेऊन आली आहे, करा की." मग तू आमच्याकडे पाठ करून खिडकीशी बसलास. तुला वाटलं, आम्हाला दिसत नाही. समोरच्या कपाटाच्या आरशात मला तुझे दोन्ही हात दिसत होते.

स्क्रूड्रायव्हर उचलण्याआधी उजवा हात मांडीवर होता आणि अंगठा बोटावर घासल्यासारखा सारखा हलत होता. तू स्क्रूड्रायव्हर उचललास आणि हात शांत झाला. तार कापलीस, सोललीस, पिळलीस, स्क्रू आवळलास. गरुडाच्या वेळी होता तसा हात होता. दिवा लागला. तू स्क्रूड्रायव्हर खाली ठेवलास, हात पुन्हा मांडीवर गेला आणि पुन्हा हलायला लागला. मी न्हाणीघरात जाऊन तो गळका नळ सोडला आणि थोडा वेळ तिथे उभी राहिले.

मी डॉक्टर नाही. ह्याला काय म्हणतात ते मी वाचलं आहे, तूही वाचलं असशील. तो शब्द मी लिहीत नाही, तपासल्यावर डॉक्टरच उच्चारू देत. घाटकोपरला मेंदू आणि नसांच्या डॉक्टरांची शनिवारी दुपारची वेळ मी घेतली आहे. मी सोबत येईन. पुढे काय वाढेल, काय नाही, हे मला माहीत नाही आणि माहीत असल्याचं मी दाखवणार नाही. पण आरशात पाहिलं तेवढं खात्रीने सांगते: तुझा हात रिकामा असतो तेव्हा थरथरतो. तू त्याला वर्षभर रिकामा ठेवलास, म्हणून तुला तो सतत थरथरताना दिसला.

आईला मी काही सांगितलेलं नाही. ते तू सांगायचं आहेस. पोळपाटाचं सांगितलंस तसं सांग, सरळ समोर उभं राहून. ती आधी ओरडेल. मग शेजारच्यांना बोलावणार नाही, एवढाच फरक.

आता हे पत्र का लिहिलं ते. शनिवारी सकाळी मी दहिसरला जाऊन पाट घेऊन येते. भाऊकाकाशी मी बोलले, कारण सांगितलं नाही. तो म्हणाला, "नेशील तर ने बाय, तुझी काकी देवाला सोन्याची दूर्वा वाहील." मग तू आणि मी भांडुपला मूर्तिशाळेत जाऊ. विडा मी नवीन घेते. रविवारपर्यंत थांबतो, असं मेस्त्रींनी कबूल केलं आहे. मूर्ती आणायच्या दिवशी पाटाची एक बाजू तू धर, दुसरी मी धरेन. आपल्याकडे मुलींनी कधी पाट धरलेला नाही, हे मला ठाऊक आहे. मेस्त्रींना विचारलं, तर म्हणाले, "देवाक हात होये, चेडवाचो काय आणि झिलाचो काय." जिन्यात मी खालच्या पायरीवर असेन. तुझा हात चुकलाच तर भार माझ्याकडे येईल आणि मी तो पेलेन, ह्याची मी चाचणी घेतली आहे. आमच्या कंपनीत तेवढ्या वजनाच्या पेट्या रोज उचलते. कुणी विचारलं तर म्हणू, पाट जड झालाय. पडद्यामागे मी पूर्वीही तुझ्याबरोबर होते. पण हे सगळं तुझ्या परवानगीशिवाय करणार नाही. पाट आजोबांनी तुझ्या हातात दिला होता, माझ्या नाही. म्हणून शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मला कळव, हो किंवा नाही. 'बघू गो' हे उत्तर धरलं जाणार नाही.

तुझीच,
श्रुतिका

ता.क. लॅम्प उत्तम चालतो. हे पत्र त्याच्याच उजेडात लिहिलं.