पांडूचा दाढीवाला

६ फेब्रु., शुक्र.
पांडूच्या समग्र कवितांचं बाड समोर. प्रकाशकाचा फोन, प्रस्तावना महिनाअखेर हवी. "थोडक्यात लिहा." कॉलेजपासूनचा दोस्त थोडक्यात कसा लिहायचा, ते काही त्याने सांगितलं नाही. केळींना पाणी सोडलं, दोनदा चहा झाला, पेनाचं टोपण काढलं, परत घातलं. हिचा शेरा: "कवी ते आहेत ना? मग तुम्ही कसल्या कळा देताय?"

८ फेब्रु., रवि.
वाडीतल्या विहिरीवर जाऊन बसलो. कॉलेज सुटलं की पां. जूचंद्रला घरी न जाता इथेच यायचा. इंग्रजीच्या सरांनी दिलेली चार सायक्लोस्टाइल पानं इथेच वाचली. एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन कवी, छातीपर्यंत दाढी. ओळ सुरू झाली की संपायचं नाव नाही. कामकरी, नद्या, जनावरं, जो दिसेल त्याचं नाव घेत चाललाय. मी म्हटलं, ही कसली कविता, ही तर बाजाराची यादी! पां. मात्र ताडकन उभा राहिला. "आरं, यो त आयचा धवला हाय!"

त्याची आई आगऱ्यांच्या लग्नात धवले गायची. देवांना, झाडांना, पाण्याला, गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन हळदीला बोलवायचं, कोणी राहता कामा नये. त्या दिवसापासून पां.च्या ओळी लांबल्या. काय दुपार होती ती! पानवेलींचा वास, आणि आम्हाला भूक लागल्याचंही भान नाही. आता विहिरीत शेजारच्या टॉवरची सावली पडते.

१० फेब्रु., मंगळ.
ठरलं. प्रस्तावनेत दाढीवाला नको. पां.च्या पहिल्या पुस्तकावर एका समीक्षकाने लिहिलं होतं, 'अमेरिकेची उसनवारी'. त्यानंतर पां.ने पुस्तक काढलंच नाही, लिहून घरात ठेवत गेला. पुन्हा तीच काठी लोकांच्या हातात कशाला द्या? आई, खाडी, मिठागरं, बास. तीन पानं सलग झाली. स्वतःवर खूश.

१३ फेब्रु., शुक्र.
जूचंद्रला गेलो, पां.ला पानं वाचून दाखवायला. नातीचं, तन्वीचं, लग्न. दारात मांडवाचे बांबू येऊन पडलेत. पां.ने डोळे मिटून सगळं ऐकलं. मग, "दाढीवाला कुठं हाय?"
म्हटलं, तुझ्याच भल्यासाठी वगळला.
असा भडकला की सून पाणी घेऊन धावली.
"मना धवल्याची लाज वाटाची. आय गायाला बसली का मी मांडवातून पलाचू. त्याला वाचला, तवा मना आय आयकू आली. तो नसता त आयचा गाना मी कदी आयकलाच नसता. त्याला वगलून माजा पुस्तक नको!"
बाड परत मागितलं. पिशवीतून काढून दिलं. रिक्षात बसलो तरी माझाही राग उतरेना. मी काय वैरी आहे त्याचा?

१७ फेब्रु., मंगळ.
फोन नाही. ना त्याचा, ना माझा. प्रकाशकाला 'तब्येत बरी नाही' म्हणून थाप मारली. दोघांची वयं बघता, हे पुस्तक आता आलं नाही तर कधीच येणार नाही. आणि ज्याने आयुष्यभर एवढं लिहिलं, त्याच्या नावावर ते एकच जुनं पुस्तक आणि ती 'उसनवारी'...

२२ फेब्रु., रवि.
काल तन्वीची हळद. मी जाणार नव्हतो, हिने ओढून नेलं. डीजे असा की छातीत धडधड. तन्वीच्या नालासोपाऱ्याच्या मैत्रिणी 'एकदम झक्कास दिख रही है यार' करत फोटो काढतायत. मी मागे, स्पीकरच्या आडोशाला.

गावात धवले गाणारी धवलारीण आता कोणी उरली नाही. तन्वीनेच डीजे बंद करायला लावला. "आजोबा, तुम्ही बोला ना, पणजीसारखं." पां. उठला. चाल आईची, आवाज बसका, ओळी स्वतःच्या. खाडीला बोलावलं, मिठागरांना, आईला, बापाला, भरावाखाली गेलेल्या शेतांना. मग दम घेतला, आणि—
"सात समिंदरापल्याडच्या दाढीवाल्या बाबा, हलदीला ये रं, पाय धुवाला पानी ठेवलाय."
म्हाताऱ्या बायकांनी मागून सूर ओढला, "हलदीला ये रं..." हा दाढीवाला कोण, एकीनेही विचारलं नाही. असेल कोणी साधुबाबा!

मला रडू आवरेना. हिने रुमाल दिला. तेवढ्यात पुढची हाक आली, "हिरीवरच्या माज्या दोस्ता, मागं कशाला उभा, म्होरं ये रं."
बायकांनी तीही ओढली. गेलो पुढे. त्याने माझ्या दोन्ही गालांना हळद फासली. आज आंघोळ झाली तरी पिवळं आहे.

२४ फेब्रु., मंगळ.
जुनी तीन पानं फाडली. नवं पहिलं वाक्य: 'पांडूला त्याची आई एका अमेरिकन माणसाने ऐकवली.' पुढे सरकत नाही. खरं तर पुढे काही लागतही नाही. त्याला ऐकवायला फोन केला, सुनेने उचलला. लग्नाची दगदग झालीय, झोपलेत म्हणाली.
"आणि ते कवितांचं बाड?"
"उशाला घेऊन झोपल्यात, काका."
मागायचं कसं?