ब्राउनश्वाइगच्या बाल्कनीतला घास

बाबा, आज आईला फ्रँकफर्टला विमानात बसवून परत आलो आणि तेव्हापासून डोकं चालत नाहीये. जाता जाता ती सहज बोलल्यासारखं म्हणाली, की गेल्यावर सांगलीची वरची खोली भाड्याने देणार, सिव्हिलमधल्या दोन नर्स विचारत होत्या. वरची खोली म्हणजे माझी खोली. मी परत येणार म्हणून ती इतकी वर्षं झाडून-पुसून बंद ठेवलेली. मी "बरं" म्हणालो आणि तिची बॅग काट्यावर चढवली. तिने मला मोकळं केलं की हाकलून दिलं, काही समजत नाही. तुम्हाला विचारावं, तर तुम्ही असतात तरी "तुझं तू बघ" म्हणून पेपरात डोकं घातलं असतंत.

मुळात हे सगळं झालं माझ्या नोकरीमुळे. मी हल्ली काय करतो ते ऐकलंत तर हसाल. आमची छोटी कंपनी उघड्यावर वापरायचे भोंगे बनवते. एका अमेरिकन गिऱ्हाइकाला कोयोट मारायचं यंत्र हवंय. कोयोट म्हणजे आपल्या कोल्ह्याहून मोठं, लांडग्याहून लहान असं तिकडचं जनावर. यंत्र एवढंसं, डब्यासारखं. शिकारी ते माळावर ठेवतो, आपण लांब झुडपात बसतो आणि रिमोटचं बटण दाबतो. डब्यातून जखमी सशाचं किंकाळणं येतं, कोयोटच्या पिल्लाचं रडणं येतं. जनावर धावत येतं आणि गोळी खातं. आवाज लांबवर फाटू नये, खरा वाटावा, हे माझं काम. इंजिनिअर होऊन मुलगा खोटं रडणं खरं करतोय, असं आईने शेजारणीला फोनवर सांगितलं. तिला त्यात अभिमान वाटत होता की काय, तेही मला ओळखता आलं नाही.

आमच्यातला एक सहकारी स्वतः शिकारी आहे. इथे असलं यंत्र शिकारीला चालत नाही, तोंडाने शिट्टी वाजवून बोलवावं लागतं, म्हणून तो आमच्या डब्याकडे जरा तुच्छतेनेच बघतो. वसंतात आम्ही दोघं गावाबाहेर बिटाच्या शेताच्या कडेला चाचणीला गेलो होतो. बंदूक नव्हती, नुसती मोजमापं. पिल्लाचा आवाज लावला आणि दोन मिनिटांत समोरच्या झाडीतून एक कोल्हीण बाहेर आली. कोयोट तिच्या बापजन्मात कोणी पाहिला नसेल. तरी ती डब्याभोवती फिरली, हुंगली, मग मान वर करून नुसती बघत राहिली. भुकेली असेल, मी म्हणालो. त्याने नाही म्हणून मान हलवली.

"सशाच्या आवाजाला भुकेलेलं येतं," तो म्हणाला. "पिल्लाच्या आवाजाला पोट भरलेलंही येतं. गेनाऊ, नेमकं म्हणूनच मला हे आवडत नाही."

तेव्हा मला तुमची आठवण आली आणि का आली ते कळेना. कारण तुम्ही कधी मला हाक मारलीच नाहीत. मी इकडे शिकायला निघालो तेव्हा तुम्ही एसटीच्या वर्कशॉपमधून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन आलात, कपड्यांना डिझेलचा वास तसाच, आणि स्वतःचा पान्यांचा संच फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिलात. "तिकडे चांगली हत्यारं मिळत असतील. तरी असू दे." बस्स. पुढे दर रविवारी फोनवर "बरा आहेस ना? ठेवतो." आई मागून ओरडायची, विचारा की कधी येतोय. तुम्ही ते कधीच विचारलं नाहीत. मी वाट पाहायचो, खरं सांगतो. विचारलं असतंत तर चिडलो असतो, तेही खरं.

मग तुम्ही गेलात, आणि दहाव्याला कृष्णेच्या घाटावर कावळा पिंडाला शिवेना. समोरच्या पिंपळावर दहा-बारा बसले होते, एक खाली उतरेना. भटजी काव काव करून दमले. आईला सांभाळू म्हणून झालं, घर विकणार नाही म्हणून झालं. शेवटी काका मला म्हणाले, तू परत येतो म्हण, दादाचा जीव त्यातच अडकलाय. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी ते म्हणालो नाही. येणार नाही असंही मनात नव्हतं हो. मला माहीतच नव्हतं. अखेर दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि घरी आलो. आईने दारातच विचारलं, "शिवला का?" मी दर्भाचं सांगितलं. तेव्हापासून दर फोनला एकच प्रश्न. कधी येतोस. पंधरा वर्षं.

यंदा ती भाद्रपदात इथे होती. तुमच्या तिथीला तिने पहाटे उठून खीर, वडे, आमसुलाची चटणी सगळं केलं. तुमची सून ऑफिसला गेली होती, घरात आम्ही दोघंच. मी रजा घेतली होती. बाल्कनीत पान ठेवलं. मागच्या लिंडनच्या झाडांवर कावळे होते, पण इथले कावळे ढिम्म. काळेकुट्ट, मानेला राखाडी नाही, आपल्यापेक्षा थोराड. दुपार झाली. आई पाण्याचा घोटही घेईना, तिला मधुमेह. मी जेव म्हणालो तर म्हणाली, ते उपाशी गेले, आताही उपाशी जातील. मग एकदम माझ्या टेबलाकडे बोट दाखवून म्हणाली, "तुझं ते यंत्र लाव की. त्यात कावळा नाही?"

कावळा होता. कावळ्यांचा गोंधळ ऐकला की कोयोटला वाटतं काही मेलेलं पडलंय, म्हणून तोही आवाज भरलेला असतो. पण आमच्याकडे एकच होता, पकडलेल्या पिल्लाचा. मी तिला तसं सांगितलं. असं फसवून आणलेला कावळा चालतो का, तेही विचारलं.

"घाटावर भटजी काव काव करतात, ते काय कावळे असतात होय? लाव तू."

मी डबा कुंडीमागे ठेवला आणि बटण दाबलं. ओरडत सात-आठ आले. कठड्यावर, खालच्या गाड्यांवर, सगळीकडे कालवा. इमारतीची देखरेख करणारा हाउसमाइस्टर वर येतो की काय या भीतीने मी लगेच बंद केलं. पिल्लू कुठेच नाही म्हटल्यावर बाकीचे हळूहळू उडाले. एक मात्र राहिला. इकडे-तिकडे बघितलं, आईकडे बघितलं आणि वडा उचलला.

आईने हात जोडले. मग पानावर बसून चवीने जेवली, खीर दोनदा घेतली. आणि म्हणाली, "ह्यांचं काही अडकलेलं नाही. इथे येऊन जेवले. तू राहा सुखाने, मी नाही आता विचारणार." खरंच विचारलं नाही, आज विमानतळावरही नाही.

पण बाबा, तो कावळा जेवायला आला होता की पिल्लासाठी? आणि पिल्लासाठी आला असेल, तर त्या कावळ्यात तुम्ही अधिक होतात की कमी? आईला एका वड्याने उत्तर मिळालं. माझ्याकडे होता तो 'कधी येतोस' हा प्रश्नही ती घेऊन गेली आणि आता मला परत कोण बोलावणार?

हा कागद कुठल्या टपालात पडणार नाहीये, म्हणून लिहितो. यंत्राचा आवाज मी अगदी खालच्या टोकाला ठेवला होता. आईला वाटलं शेजाऱ्यांमुळे. मला कावळा यायला नको होता.