होडीत आई नव्हती

अल गराफा, कतार

चि. गंधार,

आम्ही इथे खुशाल आहोत.

आपल्या नदीवर होड्यांमध्ये भरणाऱ्या बाजाराचा तू पाठवलेला व्हिडिओ मी ऑफिसात कौतुकाने दाखवला. घरी ईशाने विचारलं, "बाबा, व्हाय इज आजी इन द वॉटर?" तेव्हा कुठे मला दिसलं. आपल्या होडीत पर्यटक फोटो काढतायत आणि आई गुडघाभर पाण्यात उभी राहून अळूच्या जुड्या विकतेय!

त्याच होडीत बसून, भाजी विकून तिने आपल्याला वाढवलं. होडी पर्यटकांना भाड्याने देताना तिला विचारलं होतंस? "आई काही म्हणत नाही" हे मला सांगू नकोस. ती कधीच काही म्हणत नाही. तिचे गुडघे सुजलेत का?

येत्या बाजाराच्या दिवशी ती होडीत बसलेली दिसली पाहिजे. तिथूनच व्हिडिओ कॉल कर.

आईला नमस्कार. तुला आशीर्वाद तो कॉल आल्यावर.

कौशिक