उद्या उजाडताच निघतो

दि. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

माझं पत्र बघून तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या असणार. पण फोनवर बाबांचं नाव काढलं की तू दुकानात गिऱ्हाईक आल्याचं सांगून फोन ठेवतेस. एवढे गणवेश शिवत असशील, तर सगळ्या शाळांची पोरं तुझ्याच दारात उभी असतील! पत्र काही मध्येच ठेवता येत नाही, म्हणून हा उद्योग.

बाबांचा विसरभोळेपणा आता थट्टेवारी नेण्यासारखा राहिलेला नाही. आई जाऊन सहा वर्षं झाली हे ते विसरतात, मला कधी कधी माझ्याच रंगाच्या दुकानातला नोकर समजतात आणि डबे नीट लावत नाही म्हणून झापतात. हात मात्र काही म्हणता काही विसरलेले नाहीत. मागच्या शेडमधली त्यांची जुनी मोटारसायकल आठवते ना? सकाळी चहा झाला की तिच्यापुढे स्टूल टाकून बसतात. दोन्ही चाकं काढायची, ड्रम पुसायचे, नवे ब्रेक शू बसवायचे, नवे टायर चढवायचे, ब्रेकची वायर ताणून पाहायची. जेवायच्या वेळेपर्यंत गाडी तयार. मग हात धुऊन येतात आणि म्हणतात, उद्या उजाडताच निघतो.

जेवून ते दोन तास झोपतात. तेवढ्यात मी दुकान बंद करून ते सगळं परत खोलतो. शू काढून त्यांच्या खोक्यात भरतो, टायर उतरवून खिळ्याला टांगतो. टायर काढून काढून माझ्या बोटांची सालं निघालीत. तुझी भावजय खोक्याला रोज नवा कागद चिकटवते. दुसऱ्या दिवशी बाबा तो फाडतात, शूवरून अंगठा फिरवतात आणि माल चांगला आहे म्हणतात. कालच मला सांगत होते, आधीच्या मेकॅनिकने चाक फार हलगर्जीपणाने लावलं होतं. तो मेकॅनिक म्हणजे तेच!

खोललं नाही तर ते खरंच निघतील गं. मागे एकदा मी कंटाळा केला तर गाडी फाटकाबाहेर काढून बसले होते.

कुठे निघायचं असतं ते मुद्दाम शेवटी ठेवलं. तुला आणायला, ताई. निघायच्या आदल्या दिवशीच्या त्या शनिवारातच ते अडकलेत. एकदा येऊन जा. डॉक्टर म्हणतात, माणसं ओळखताहेत तोवरच.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझा
धाकट्या

•

दि. ११ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझं अक्षर अजून मुंगी शाईत बुडून चालल्यासारखंच आहे. बोटांना खोबरेल तेल लाव. भावजयीला म्हणावं, कागद चिकटवायला खळ वापर, सुटायला सोपी जाते.

आता बाबांबद्दल. लग्नाला सात महिने झाले तेव्हा मी त्यांना लिहिलं होतं की या घरात माझा जीव राहणार नाही, मला घेऊन जा. त्यांचं उत्तर मला अजून पाठ आहे. गाडीचे ब्रेक आणि टायर संपलेत, ते बदलतो आणि रविवारी उजाडताच निघतो. बॅग भरून ठेव. बसने नको, बॅगा घेऊन उतरलेल्या पोरीला चार लोक चार प्रश्न विचारतात. माझ्या मागे बसून आलीस तर नेहमीसारखीच येशील.

रविवारी सकाळी सहापासून मी फाटकाशी उभी होते. दुपारी सासूने आतून विचारलं की आज जेवणार की फाटकच खाणार. रस्त्यावरचे दिवे लागले तेव्हा बॅग उचलून आत गेले. त्या संध्याकाळी काय झालं ते तुला सांगणार नाही. पुन्हा लिहायची मला लाज वाटली. एकदा मागितलं आणि मिळालं नाही, तर आपल्याच बापाच्या दारात भिकाऱ्यासारखं किती वेळा उभं राहायचं? नऊ वर्षं त्या घरात काढली. मग निघाले ती माझ्या पायांनी, शिलाई मशीन घेऊन.

आणि आता ते रोज निघताहेत म्हणतोस. सव्वीस वर्षांनी! वरातीमागून घोडं, तेही चाकं काढलेलं. मी येणार नाही. राग आहे म्हणून नव्हे, राग केव्हाच शिळा झाला. पण ज्यांनी मला तिथे ठेवलं त्यांच्यापुढे उभं राहून काय बोलायचं ते मला सुचत नाही.

तुमच्या प्रकृती जपा. माया आहे, ती तुमच्यापुरती.
तुझी ताई

•

दि. १५ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आज थट्टा नाही.

त्या शनिवारी मी सतरा वर्षांचा होतो. बाबांनी पुढचं चाक पुरं केलं होतं, नवा टायर, नवे शू. मागचा टायर चढवला होता, पण मागचे शू अजून खोक्यातच होते. ते आंघोळीला गेले आणि मला नव्या टायरवर एक चक्कर मारायचा मोह झाला. उतारावर पाय दाबला तर पायडल नुसतं खाली गेलं. घाबरून पुढचा ब्रेक करकचून धरला, गाडी घसरली आणि मी भिंतीवर आदळलो. मांडीचं हाड मोडलं. माझं ते लंगडणं शाळेत फुटबॉल खेळताना आलं असं तुला आईने सांगितलं, तेही माझ्याच रडारडीमुळे.

रविवारी बाबा दवाखान्यात माझ्या उशाशी होते. तिथे बसूनच त्यांनी तुला पत्र लिहिलं. मला भेटायला मित्र येणार होता, त्याच्याकडे टाकायला दे म्हणून माझ्याकडे ठेवून ते औषधं आणायला गेले. मी ते वाचलं. माझ्यामुळे तू थांबलीस हे तुला कळेल, याची लाज वाटली. म्हटलं, पुढच्या रविवारी बाबा जातीलच, मग पत्र कशाला? एक्स-रेच्या पाकिटात घातलं आणि टाकलं म्हणून सांगितलं.

बाबा गेले नाहीत. का ते पत्रात आहे. मला उमगलं तेव्हा दोन महिने झाले होते, आणि मग रोज वाटायचं, आज सांगू. आई गेली तेव्हा तू दोन तासांसाठी आलीस आणि बाबांकडे पाहिलंही नाहीस. तेव्हाही मी गप्प बसलो. तुझी नऊ वर्षं माझ्या पाकिटात होती, ताई.

तेव्हाही मीच त्यांना थांबवलं, आणि आता रोज दुपारी पाना घेऊन मीच थांबवतो. पत्र सोबत आहे. क्षमा कर म्हणण्याइतकं माझं तोंड नाही.

तुझा
धाकट्या

•

(सोबतचं पत्र)

रविवार, सकाळी

चि. ठमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आत्ता तू फाटकाशी असशील आणि मी इथे बसलोय. हे पत्र मिळेपर्यंत मला हव्या तेवढ्या शिव्या दे. धाकट्याने गाडी काढली आणि पाय मोडून घेतला. जिवावरचं पायावर निभावलं. त्याला बोलू नकोस, चूक माझी आहे. अर्ध्या ब्रेकची गाडी किल्लीसकट सोडून जाणारा मी कसला मेकॅनिक? आधी थांबता यायला हवं, मग निघावं, हे आयुष्यभर दुसऱ्यांना सांगितलं.

गाडी चार दिवसांत उभी करतो. तुझी एक ओळ आली की त्याच पावली निघतो, वार बघणार नाही. पण एवढ्या दिवसांत तुझं मन तिथे वळलं असेल, तर उत्तर देऊ नकोस. मी समजेन. संसारात लुडबूड करणारा बाप तुला नको. ओळ आली तर मात्र मला कुणी अडवू शकणार नाही.

मागच्या सीटला नवं कव्हर घातलंय.

तुझे
बाबा

•

दि. २३ फेब्रुवारी

धाकट्यास,

काल तुला सकाळपासून बाहेर राहायला सांगितलं, कारण तुझं तोंड बघायची माझी तयारी नव्हती. अजून नाही. पण काय झालं ते कळायचा तुझा हक्क आहे, म्हणून लिहिते.

भावजयीने दार उघडलं आणि काही न विचारता मला शेडकडे नेलं. बाबा स्टुलावर बसले होते. पाठ केवढीशी झालीय रे. मी समोर जाऊन उभी राहिले तर म्हणाले, बाई, उजेडातून जरा बाजूला व्हा. मी बाजूला बसले. त्यांनी हात पुढे केला, मी चौदाचा पाना दिला. लहानपणी द्यायची तसाच, मूठ त्यांच्याकडे करून. त्यांनी एकदा पान्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि नट आवळायला घेतला. तेवढाच एक क्षण मला आशा वाटली.

गाडी झाल्यावर पायडल दाबून मला चाक फिरवायला लावलं. चाक जागच्या जागी थांबलं. मला विचारलं, थांबलं ना? मी म्हटलं, थांबलं. मग स्वतःहून सांगू लागले. मुलगी सासरी आहे, तिला त्रास आहे, उद्या आणायला जायचंय. पोर हट्टी आहे पण रडत नाही, म्हणून जास्त काळजी वाटते. मी रडत होते ते त्यांना दिसलं नाही.

मी त्यांना म्हटलं, मलाही घेऊन चला मागे. त्यांनी मान हलवली. म्हणाले, रागावू नका बाई, पण ती सीट माझ्या पोरीची आहे. तुम्हाला बसवलं तर येताना तिला कुठे बसवू?

मग त्यांनी मला विचारलं, तुम्ही त्या बाजूला जाणार आहात का? मी हो म्हटलं. तर म्हणाले, मग तिला एक निरोप द्या. पत्राचं काही कळत नाही, मिळतं, न मिळतं. तिला म्हणावं, ब्रेक झाले, टायर झाले, उद्या उजाडताच निघतो. मी म्हटलं, मिळाला निरोप. ते म्हणाले, तुम्हाला नाही हो, तिला.

जेवून ते झोपले. मी खिळ्यावरचा पाना घेतला आणि शेडमध्ये गेले. दोन्ही चाकं मी काढली, शू खोक्यात भरले, टायर उतरवले. माझीही सालं निघाली. ते निघाले तर त्या फाटकाशी जातील रे, दिवे लागेपर्यंत उभे राहतील, आणि तिथे मी नसेन. त्यांना तसं उभं राहावं लागू नये.

दर शनिवारी येईन. त्या दिवशी गाडी मी खोलेन, तू हात लावायचा नाहीस. आशीर्वाद लिहायला अजून पेन उचलत नाही. पण तुझी ओळ आली तर उत्तर देईन. माझं उत्तर आलं नाही, तर पुन्हा लिही.

ताई